दादा, सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडा

टॅटू काढावा की काढू नये, यावर हे पान काही बोलणार नाही. ते घरी आई बोलेलच, आणि मावशी तर विषय लग्नापर्यंत नेईल. हात तुमचा, निर्णय तुमचा, पैसे बहुतेक वेळा बाबांचे. आमचं म्हणणं एवढंच, की डिझाइन निवडायला जे तीन महिने घालवता, त्यातली दहा मिनिटं सुईसाठी ठेवा.

कारण सध्या होतं काय? राजमुद्रा हवी की त्रिशूळ, यावर इन्स्टा पालथं घातलं जातं. आईचं नाव देवनागरीत की इंग्रजीत, यावर ग्रुपवर पोल होतो. आणि एवढं सगळं करून दुकानात गेल्यावर प्रश्न दोनच. किती घेणार? आणि दुखेल का? सुई कुठून आली, शाई कधी उघडली, आधीच्या माणसाचं रक्त पुसलं कशाने, हे विचारायला आपली जीभ रेटत नाही. विचारलं तर दादाला राग येईल असं वाटतं.

जरा आठवून बघा. पूर्वी सलूनमध्ये एकाच वस्तऱ्याने दिवसभर दाढ्या व्हायच्या. मग एड्सची माहिती गावागावात पोहोचली आणि आपल्या बाबा-काकांची पिढी खुर्चीत बसल्या बसल्या ‘ब्लेड नवीन लाव रे’ म्हणायला शिकली. न्हाव्याला राग आला नाही. तो आता न विचारताच नवं ब्लेड मोडून वस्तऱ्यात घालतो. दाढीत कापलं तर एखाद दुसरा ओरखडा जातो. टॅटूत सुई मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा कातडीत आत-बाहेर करते आणि शाई वरच्या थराखाली, जिथे रक्तवाहिन्या आहेत तिथे, नेऊन ठेवते. शरीराला ते आक्रमण वाटतं. पांढऱ्या पेशी धावतात, शाईचे कण गिळून बसतात आणि तिथेच राहतात, म्हणून टॅटू जात नाही. म्हणजे टॅटू ही मुळात एक जखम आहे, छान दिसणारी. तरीही ब्लेडबाबत बाबांना जे जमलं, ते सुईबाबत आपल्याला अजून जमलेलं नाही.

यावर एक हुकमी उत्तर येतं. ‘आमच्या आजीने पण गोंदलं होतं, तिला काय झालं?’

प्रश्न चांगला आहे, त्यामुळे नीट बघू. आपल्याकडे गोंदण काही इन्स्टाने आणलेलं नाही. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांवरच्या ठाकर आणि कातकरी आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर हिरवट ठिपके आजही दिसतात. कुणाच्या हातावर तुळस, कुणाच्या हातावर विंचू. मेल्यावर सगळे दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या म्हणतात. दिव्याची काजळी, पाल्याचा रस आणि एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया घेऊन गोंदणारी बाई दारात किंवा जत्रेत बसायची. त्याच सुया या बाईला, मग पुढच्या बाईला. आणि खरं सांगायचं तर त्यांना काय झालं ते कुणालाच माहीत नाही, कारण कुणी तपासलंच नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला १९६० च्या दशकात, हिपॅटायटिस सीचा तर १९८९ मध्ये. त्याआधी डोळे पिवळे झाले की कावीळ म्हणायचं, गळ्यात माळ घालायची, गावठी औषध आणि तेल-तिखटाचं पथ्य. त्यातून बरा झाला तो झाला. हिपॅटायटिस बीची लक्षणं सुई टोचल्यानंतर एक ते सहा महिन्यांनी दिसतात. कार्तिकातल्या जत्रेत गोंदलं आणि फाल्गुनात डोळे पिवळे झाले, तर त्या दोन गोष्टी जोडणार कोण?

आजीचं गोंदण सुंदर आहे. ते सुरक्षित होतं, हे मात्र आपण गृहीत धरलंय.

दुसरीकडे, टॅटूच्या धोक्याचं नाव काढलं की लोक थेट एचआयव्हीवर येतात. २०२२ मध्ये वाराणसीहून बातमी आली होती, स्वस्तात टॅटू काढलेल्या काही तरुणांना एचआयव्हीची लागण झाल्याची. ती फॉरवर्ड होत होत आपल्या प्रत्येकाच्या घरच्या ग्रुपवर पोहोचली असेल. ही भीती खोटी नाही, पण अर्धी आहे. एचआयव्ही शरीराबाहेर फार टिकत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू मात्र सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सुईवर, मशीनच्या दांड्यावर, खुर्चीच्या हातावर, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही अशा डागात. दवाखान्यात काम करणाऱ्या लोकांना बाधित रुग्णाची सुई चुकून टोचते, त्यावरून डॉक्टरांनी काढलेला अंदाज बघा. एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस बीची, लस घेतलेली नसेल तर, शंभरात सहा ते तीस. इंजेक्शनची सुई पोकळ असते, टॅटूची भरीव, त्यामुळे हे आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण घाबरायचंच असेल तर आधी कशाला घाबरायचं, ते यातून कळतं.

मोठ्या वयात लागण झालेल्या बहुतेकांचं शरीर हिपॅटायटिस बीला हुसकावून लावतं. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्या यकृताला मात्र तो वर्षानुवर्षं पोखरत राहतो, सिरॉसिस आणि कॅन्सरपर्यंत. आणि यावर लस आहे! हिपॅटायटिस सीवर नाही, एचआयव्हीवर नाही, पण यावर आहे. मग आपण घेतलीय का? इथेच आपल्या पिढीची गोची आहे. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस टप्प्याटप्प्याने आली आणि देशभर पोहोचायला २०११-१२ साल उजाडलं. आत्ता तुम्ही टीवाय किंवा एमएला असाल, तर तुमचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. तुम्हाला लस मिळाली असेलही, नसेलही. आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं लसीकरणाचं कार्ड शोधा. त्यात नोंद नसेल तर मोठ्यांसाठी तीन डोस असतात. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. टॅटूची तारीख त्या हिशेबाने ठरवा. धनुर्वाताचं इंजेक्शनही बघा, सोळाव्या वर्षीचं बऱ्याच जणांचं राहून गेलेलं असतं.

आता दुकानात शिरू.

पेणमध्ये रेषेची भीती नाही. ज्या गावात गणपतीच्या कारखान्यात बसून पोरं शाळेच्या वयात डोळ्यांची आखणी शिकतात, तिथे हातावर सरळ रेघ मारणारा माणूस मिळणं कठीण नाही. पण मूर्तीला कावीळ होत नाही. हात बसलेला असणं आणि हात स्वच्छ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण दुकान निवडतो ते फक्त पहिली बघून. चित्र चांगलं काढतो म्हणून ऑनलाइन किट मागवून होस्टेलच्या खोलीत मित्रांवर हात साफ करणारेही आता कमी नाहीत. ‘आपलाच भाऊ आहे, फुकटात देतोय’ हे ऐकलं की समजायचं, की या भावाकडे निर्जंतुकीकरण म्हणजे फार तर लायटर असेल.

या पानासाठी पेण आणि रोह्यातल्या काही दुकानांत मी नुसतीच जाऊन बसले होते. एका ठिकाणी कलाकाराने हातमोजे घातले, मशीन घेतलं, छान सुरुवात केली. तेवढ्यात फोन वाजला. त्याच हातमोज्याने फोन उचलला, स्पीकरवर टाकला, गाणं बदललं आणि परत त्याच हातमोज्याने काम सुरू. समोर बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुसऱ्या एका छोट्या दुकानात, जिथे एसीही नव्हता, तिथल्या दादाने गिऱ्हाईक बसण्याआधी खुर्ची पुसली, मशीनला आणि वायरला नवं प्लॅस्टिक गुंडाळलं, सुईचं पाकीट समोर धरलं आणि म्हणाला, ‘तारीख वाच, मग फोडतो.’ काचेचं दार आणि निऑन लाइट बघून दुकान ठरवू नका, असं मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगतेय. पनवेल, ठाण्याला मेमूने जाऊन काढणार असाल तरी हेच बघा. शहरात महाग मिळतं, स्वच्छ मिळेलच असं नाही.

सुई, किंवा हल्ली जी मशीनला लागते ती कार्ट्रिज, एकदा वापरून टाकायचीच असते. ती सीलबंद पाकिटात येते, त्यावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. पाकीट आधीच उघडं असेल तर ती नवी आहे हे तुम्ही फक्त समोरच्याच्या शब्दावर मानताय. मशीनचा जो भाग पुन्हा वापरतात आणि धातूचा असतो, तो ऑटोक्लेव्हमधून निघालेला हवा. ऑटोक्लेव्ह म्हणजे थोडक्यात दवाखान्यातला प्रेशर कुकर. १२१ अंश तापमान, दाबाची वाफ, पंधरा-वीस मिनिटं. निळा दिवा लावलेली पेटी म्हणजे ऑटोक्लेव्ह नव्हे. पार्लरमध्ये असते तीच ती, आत ठेवलेली वस्तू बाहेर काढल्यावर फार तर जरा बरी असते. स्पिरिटचा बोळा फिरवला, उकळत्या पाण्यात बुडवली, डेटॉल लावलं, यातलं काहीही ऑटोक्लेव्हची जागा घेत नाही. केस काढायचा रेझर नवा हवा. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात ओतून घ्यायची, काम संपलं की उरलेली फेकायची, बाटलीत परत ओतायची नाही. वापरलेली सुई कुठे जाते तेही बघा. न टोचणाऱ्या जाड डब्यात गेली तर माणूस शिकलेला आहे. काळ्या पिशवीत गेली, तर ती उद्या नगर परिषदेच्या सफाई कामगाराच्या हातात घुसणार. त्याने तर टॅटूही काढलेला नाही.

शाईचं वेगळंच प्रकरण आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात २०११-१२ मध्ये एकाच कलाकाराकडे टॅटू काढलेल्या १९ जणांच्या कातडीवर पुरळ उठलं, ते महिनोन्‌महिने जाईना. तपासात दिसलं, की दोष शाईत होता. करड्या रंगाची तयार शाई, पातळ करायला वापरलेलं डिस्टिल्ड पाणी, आणि त्यातून आलेला क्षयरोगाच्या जिवाणूचा एक दूरचा भाऊबंद. म्हणजे कलाकार स्वच्छ असूनही बाटली दगा देऊ शकते. युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या जवळपास चार हजार रसायनांवर बंधनं घातली. आपल्याकडे कर्नाटकात २०२५ च्या सुरुवातीला शाईचे नमुने तपासले गेले, त्यात जड धातू सापडल्याचं तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, आणि मग नियम करण्याची भाषा सुरू झाली. रोह्यात ज्यांचे बाबा धाटावच्या एमआयडीसीत कामाला आहेत, त्यांना ड्रमवरच्या लेबलचं महत्त्व कुणी समजवायला नको. लेबल नसलेला ड्रम कंपनीत कुणी हलवत नाही, आणि लेबल नसलेली बाटली आपण कातडीत कायमची भरून घेतो. बाटलीवर कंपनी, घटक, बॅच, तारीख बघा. लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यात जास्त दिसते, तेव्हा आधी कधी कशाची ॲलर्जी झाली असेल तर लाल टाळलेला बरा. जखम बरी होताना ज्यांना जाड वण येतो, त्यांनी छाती-खांद्यावर काढण्याआधी कातडीच्या डॉक्टरला विचारा. डायबेटिस किंवा सोरायसिस असेल तरी तेच.

टॅटू काढून घरी आल्यावर आणखी घोळ होतात. सगळ्यांना टॅटू सणाच्या तोंडावर हवा असतो. गणपतीच्या चार दिवस आधी काढायचा, मिरवणुकीत बाही वर करून नाचायचं, गुलाल, घाम, आणि शेवटी मूर्तीबरोबर पाण्यात. भोगावती असो, कुंडलिका असो की अलिबागचा समुद्र, ओल्या टॅटूला यातलं काहीच चालत नाही. अमेरिकेत टॅटूनंतर पाच दिवसांनी समुद्रात पोहलेल्या ३१ वर्षांच्या एका माणसाचा जिवाणूच्या संसर्गाने मृत्यू झाला, त्याची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्याचं यकृत आधीच बिघडलेलं होतं, हे खरं. पण आपलं कसं आहे ते आपण कधी तपासलंय? सणात मिरवायचा असेल तर किमान तीन-चार आठवडे आधी काढा. साधा साबण, स्वच्छ पाणी, टिपून कोरडं करायचं, दिलेलं मलम अगदी पातळ लावायचं. खपली काढायची नाही. हळद भरायची नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी. मेडिकलमधून मनाने स्टेरॉईडचं मलम आणायचं नाही, त्याने लाली जाते आणि आतला संसर्ग निवांत वाढतो. पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज चालते. त्यानंतरही वाढत असेल, पू येत असेल, ताप आला, लाल रेघ वर सरकतेय असं दिसलं, तर टॅटूवाल्याला फोटो पाठवू नका, डॉक्टरकडे जा.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी एक बघून ठेवा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या नियमात टॅटू चालतो तो डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर, तोही त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान. उजवा हात सलामीचा. पहाटे ग्राउंडवर घाम गाळणाऱ्या मुलाने उजव्या हातावर भलीमोठी राजमुद्रा काढून मेडिकलला बाद व्हायचं, आणि मग लेझरने पुसायला कितीतरी फेऱ्या आणि टॅटूच्या अनेकपट पैसे. आणि कॉलेजात एनएसएसचं रक्तदान शिबिर असेल तर टॅटूनंतर वर्षभर थांबायचं. टेबलावर विचारतात तेव्हा लपवू नका, ते रक्त दुसऱ्या कुणाला जाणार असतं.

आता थोडं दुकानदारांच्या आणि आपल्या मागे असलेल्या सरकारबद्दल. टॅटूसाठी आपल्याकडे स्वतंत्र परवानाच नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेला कागद बघून ‘लायसन्स आहे’ असं समजू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकीच माणसं कामाला असतील तर नोंदणीही लागत नाही, व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना दिली की झालं. त्या कागदाचा सुईशी काही संबंध नाही. वडापावच्या गाडीला अन्न परवाना लागतो, आणि रक्त काढणाऱ्या दुकानाला काहीच नाही, हे कुणाला तरी विचित्र वाटायला हवं होतं.

राज्याचा कायदा होईल तेव्हा होईल. पेण नगर परिषद आणि रोहा अष्टमी नगर परिषद यांना त्याची वाट बघायची गरज नाही. दोन्ही गावांत उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथल्या लोकांनी गावातल्या टॅटू कलाकारांना एक दिवस बोलावून निर्जंतुकीकरण शिकवलं, वापरलेल्या सुया दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर नेण्याची सोय केली, तर फार मोठा खर्च येणार नाही. जत्रेत आणि दसऱ्याला रस्त्याच्या कडेला मशीन घेऊन बसणाऱ्याची जागेची पावती फाडताना, सीलबंद सुया दाखव, हे एक वाक्य त्यावर लिहायला काय हरकत आहे? बरेच कलाकार स्वतःहून तयार होतील, मला तसं दोघांनी बोलूनही दाखवलं. स्वच्छ काम करणाऱ्याला सुईचा खर्च येतो, आणि शेजारी तीच सुई पाच जणांना वापरणारा अर्ध्या भावात काम नेतो, ही त्यांचीही तक्रार आहे.

ज्यांनी जत्रेत, मित्राच्या खोलीत, कुठेही काढून झालंय आणि हे वाचताना पोटात गोळा आलाय, त्यांच्यासाठी. काल-परवाच काढला असेल आणि सुई आधी दुसऱ्याला वापरलेली होती याची खात्री असेल, तर आजच सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि हिपॅटायटिस बीचंही तेव्हाच विचारा. जुना असेल तर घाई नाही, पण तपासणी करून घ्या. एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. हिपॅटायटिस बी आणि सीची चाचणी वेगळी मागावी लागते, आपोआप होत नाही. टॅटूनंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी परत करा. घरी सांगायची हिंमत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर आधी बोला, तिथे मराठीतही बोलता येतं.